आवाज उशिरा येतो

नोव्हेंबरात मोजणी असते.
अलिचूरच्या वर, जिथे झाड म्हणून वीतभर तेरेस्केन,
आणि तेही निम्मं आम्हीच चुलीत घातलेलं,
मी पालथी पडून दुर्बिणीला डोळा लावते.
पापणी धातूला चिकटते. सोडवताना चार केस जातात.
तुर्दाकुन शेजारी, वही मांडीवर,
पेन काखेत धरून शाई वितळवत.

"काय दिसतं?"
दगड.
दगड, दगड,
मग एक दगड मान वळवतो.

रंग डोंगराकडून उसना आणलेला,
ढुंगण तेवढं पांढरं,
पळापळीत मागचीला पुढचीचा पत्ता लागावा म्हणून असेल.
पाय उंच, पोट चढवलेलं.
बकऱ्यांसारखी कड्याला लोंबकळणारी जात नव्हे ही,
हिचा भरवसा मोकळ्या उतारावर
आणि छातीतल्या हवेवर.

अर्कार एकतीस. कोकरं नऊ.
मागच्या साली चौदा होती.
पुढे एक म्हातारी, कान फाटका.
ती थांबली की सगळ्या थांबतात,
ती बसली की एकेकीचा गुडघा मोडतो.
कुणी तिला सरपंच केलेलं नाही.
पाणी कुठे गोठत नाही ते तिला ठाऊक आहे, बस.

कुल्जे यांच्यात नसतात.
वर्षाचे दहा महिने ते वरच्या अंगाला, आपापल्यात.
पोरगा दोन-तीन वर्षांचा झाला
की आईचा कळप सोडून
मोठ्या शिंगांच्या मागे चालू लागतो.
कुणी हाकलत नाही.
माझा भाऊ असाच गेला, येकातेरिनबुर्गला,
मामाच्या मागे, सिमेंट कालवायला.
बापाने नावच ठेवलं होतं कोचकोरबाय.
कोचकोर म्हणजे एडका. मग तक्रार कसली करता?

आता ते उतरतायत. सात.
गळ्यात हिवाळ्याची पांढरी झूल,
शिंगं कानामागून निघून गालाला वळसा घालून
पुन्हा बाहेर पडलेली,
काही विसरलं म्हणून परत येऊन
पुन्हा निघाल्यासारखी.

लगेच भिडत नाहीत.
आधी अंगाला अंग लावून चालतात,
एकमेकांना शिंगं नीट बघू देतात.
लहान शिंगांचा बाजूला होतो,
गवत हुंगल्याचं निमित्त करून, अब्रू राखून.
बरोबरीचे निघाले तरच पुढचं.

दोघं मागे सरतात.
मागल्या पायांवर उठतात.
दुर्बिणीत कपाळं आदळली.
आवाज नाही.
धूळ उठली, दोघं डोकं झटकत उभे,
तरी आवाज नाही.
मग कुठेतरी कुणी फळी आपटावी तसा
एक ठोका.
एवढं अंतर आहे मध्ये.

कोचकोरबायचा फोन येतो.
"बरा आहे," म्हणतो.
ऑगस्टमध्ये यंत्रात गेलेलं बोट
आम्हाला मार्चमध्ये कळलं.

परतताना ओढ्यात एक डोकं सापडलं.
लांडग्यांनी बाकी काही ठेवलं नव्हतं.
दोघांनी धरून उचललं.
शिंगावर वर्षाला एक कडं असतं. हातमोजा काढून
मी बोटाने मोजली. अकरा.
पाचव्या-सहाव्याच्या मध्ये नखही मावेना,
तो मोठ्या बर्फाचा हिवाळा.
त्या साली आमचे बारा याक उभ्याउभ्या गेले
आणि माझं लग्न राहिलं, ते राहिलंच.
सातवं बऱ्यापैकी रुंद.
त्याला चारा मिळाला असणार.

"याला लिहू?" तुर्दाकुन म्हणाला.
मेलेले मोजायचे नसतात, नियम आहे.
त्याने तरी पानाच्या कडेला एक रेघ ओढली.
शाई गोठली होती.
कागदावर नुसती चर पडली,
दिसत नाही,
बोट फिरवलं तर लागते.